शाळेतले खगोलशास्त्र आणि बुऱ्हाणपूरची सावली

विज्ञान आणि गणित शिकवण्यासाठी खगोलशास्त्राचा उपयोग करायचा, याचा अर्थ आकाशावर आणखी एक धडा नेमायचा असा होत नाही. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या गती मोजता मोजता गुणोत्तर, कोन, त्रिकोण, ऋण संख्या, आलेख, प्रकाश आणि कालमापन शिकवणे म्हणजे हा उपयोग. त्याला शिक्षक, पालक आणि अभ्यासक्रम ठरवणारे असे तिघेही हरकत घेतात. त्यांतल्या काही हरकती वरवरच्या आहेत, काही मात्र वजनदार आहेत आणि त्यांना टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इथे त्यांचा विचार मध्य प्रदेशातल्या तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला धरून केला आहे, कारण खगोलशास्त्रात गाव बदलले की उत्तर बदलते आणि शाळेच्या दृष्टीने हाच या विषयाचा मोठा गुण आहे. पुस्तकातले उत्तर दुसऱ्या गावचे असेल, तर मुलांना आपले उत्तर स्वतःच काढावे लागते.

सर्वांत जास्त ऐकू येणारी हरकत साधनांची आहे. दुर्बीण कुठून आणायची, आणि तारे रात्री दिसतात तर शाळा दिवसा भरते, त्याचे काय? ही हरकत खगोलशास्त्राविषयीच्या गैरसमजातून निघते. दुर्बिणीचा वापर सतराव्या शतकात सुरू झाला. त्याआधीची किमान दोन हजार वर्षे वर्षाची लांबी, ग्रहणांचे चक्र आणि पृथ्वीचा घेर माणसाने नुसत्या डोळ्यांनी आणि एका उभ्या काठीच्या सावलीने काढला. ही काठी म्हणजे शंकू. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बारा अंगुळांचा शंकू धरून सावलीची उदाहरणे सोडवली आहेत. शाळेला लागते ती एक मीटरची सरळ काठी, ती उभी आहे की नाही हे पाहायला गवंड्याचा ओळंबा, खडू आणि मोजपट्टी. आणि सूर्य दिवसाच असतो. चंद्रही महिन्यातले निम्मे दिवस शाळेच्या वेळेत आकाशात असतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीला दुपारनंतर तो पूर्वेकडे दिसतो, वद्य अष्टमीला सकाळी पश्चिमेकडे. तेव्हा उन्हात उभे राहून चंद्राच्या दिशेने एक चेंडू धरला, तर चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचाही दिसतो. चंद्रकला म्हणजे पृथ्वीची सावली, हा पक्का बसलेला समज या एका कृतीने जितका हलतो तितका फळ्यावरच्या दहा आकृत्यांनी हलत नाही.

बुऱ्हाणपूर सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दोन अंशांहून थोडे अधिक दक्षिणेला. या एका गोष्टीमुळे तिथल्या शाळेच्या अंगणाला अशा काही सोयी मिळाल्या आहेत की ज्या दिल्लीच्या शाळेला कधीच मिळणार नाहीत. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही बुऱ्हाणपुरात सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून, म्हणजे खमध्यापासून, ४४.७ अंश दक्षिणेला असतो. हा कोन ४५ च्या इतका जवळ आहे की १०० सेंटिमीटर काठीची सावली ९९ सेंटिमीटर पडते. समद्विभुज काटकोन त्रिकोण पाचवीच्या मुलांसमोर जमिनीवर आपोआप आखला जातो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तीच सावली ३९ सेंटिमीटर असते. दहावीतल्या मुलांनी ०.३९ ही टॅनची किंमत कोणत्या कोनाची हे तक्त्यात शोधले की २१.३ अंश मिळतात, आणि तो गावाचा अक्षांश असतो. नकाशाच्या पुस्तकात छापलेला आकडा अंगणातून निघतो. २१ जूनला सूर्य खमध्य ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. तेव्हा सावली जेमतेम पावणेचार सेंटिमीटर उरते, आणि ती दक्षिणेकडे पडते.

इथे ऋण संख्येला खरे काम मिळते. दक्षिणेकडचा कोन धन मानला तर डिसेंबरचा कोन अधिक ४४.७ आणि जूनचा उणे २.१. दोहोंच्या बेरजेचे निम्मे केले की २१.३ येतात, तो अक्षांश. वजाबाकीचे निम्मे केले की २३.४ येतात, तो पृथ्वीच्या आसाचा कल. एखाद्याने उणे चिन्ह विसरून हेच गणित केले तर दोन्ही उत्तरांची अदलाबदल होते आणि बुऱ्हाणपूर थेट कर्कवृत्तावर जाऊन बसते. चिन्हाची चूक वहीत एका गुणाला पडते, इथे तिने अख्खे शहर दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला सरकते. ऋण संख्या कशासाठी, या मुलांच्या रास्त प्रश्नाला याहून चांगले उत्तर शोधूनही सापडणार नाही.

याच सावलीतून घड्याळाचा प्रश्नही उभा राहतो. सर्वांत आखूड सावली बाराला पडेल असे मुले गृहीत धरतात, पण बुऱ्हाणपुरात ती वर्षाच्या सरासरीने बारा वाजून पंचवीस मिनिटांनी पडते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि बुऱ्हाणपूर ७६.२ अंशांवर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून ६.३ अंशांची पंचवीस मिनिटे. मात्र रोज नोंद ठेवली तर हाही आकडा स्थिर राहत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह १२ वाजून ९ मिनिटांपर्यंत मागे येते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.३९ पर्यंत पुढे जाते. पृथ्वीची कक्षा वर्तुळ नाही आणि तिचा आस कललेला आहे, या दोन कारणांचा तो संयुक्त परिणाम आहे. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढला की या दोन्ही गोष्टी वहीच्या पानावर उतरतात.

सावलीचे टोक धूसर असते, मोजमाप नेमके येत नाही, अशीही तक्रार होते. ती खरी आहे आणि तिचा शिक्षणात उपयोगच आहे. सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने एक मीटर काठीच्या सावलीचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर पुसट असते. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून ऊन पाडले तर टोकाऐवजी सूर्याची गोल प्रतिमा मिळते आणि तिचा मध्य मोजता येतो. पुठ्ठ्यापासून दोन मीटरवर या प्रतिमेचा व्यास सुमारे १.९ सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर व्यासाच्या जवळपास १०७ पट. समरूप त्रिकोणांच्या नियमाने सूर्याचे अंतरही त्याच्या व्यासाच्या १०७ पट असले पाहिजे. पंधरा कोटी किलोमीटरला १०७ ने भागले की सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर येतो, आणि तो बरोबर आहे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही ही सक्त ताकीद देऊनही सूर्य मोजता येतो, हे मुलांना कळणे मोलाचे आहे.

यापेक्षा अवघड हरकत वेळापत्रकाची. बुऱ्हाणपुरात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, २७ मे आणि १६ जुलैच्या सुमारास. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, जुलैत ढग. त्यामुळे शून्य सावलीचा सोहळा या गावात शाळेला साधत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण सोहळ्यावर विसंबणे हीच मुळात चूक आहे. एका दिवसाचा उत्सव करून उरलेले वर्ष सावलीकडे पाठ फिरवणाऱ्या शाळेला फारसे काही मिळत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल बुऱ्हाणपूरचे आकाश बहुतेक स्वच्छ असते आणि शाळाही भरलेली असते. जूनच्या मोजणीसाठी निसर्गानेच सवलत दिली आहे. २१ जूनच्या आधी आणि नंतरच्या दहा दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचा त्याचा कोन, अर्ध्या अंशाहूनही कमी बदलते. ढगांना कुठेही एक फट पडली तरी काम होते.

शिवाय मे आणि जुलै यांची जोडी एका खोलवर रुजलेल्या चुकीवर औषध आहे. सूर्य जवळ आला की उन्हाळा, दूर गेला की हिवाळा, ही ती चूक. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९८७ च्या सुमारास केलेल्या एका प्रसिद्ध चित्रफितीत पदवीदान समारंभातल्या विद्यार्थ्यांना, पदवीधरांना आणि प्राध्यापकांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण विचारले गेले, तेव्हा २३ पैकी २१ जणांना ते नीट सांगता आले नाही. खगोलशास्त्राच्या विरोधकांना हे उदाहरण आवडते: इतके शिकलेल्यांना जे कळले नाही ते सातवीतल्या मुलांना काय कळणार? उत्तर असे की ऋतू बहुतेकदा पुस्तकातल्या आकृतीतूनच शिकवले जातात, आणि लंबगोल कक्षेची ती आकृतीच दिशाभूल करते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते, बुऱ्हाणपुरात तेव्हा थंडी असते. इतक्याने अंतराचा सिद्धांत कोसळतो. मग सूर्य डोक्यावर म्हणजे कडक उन्हाळा, हा पुढचा सोपा सिद्धांत मुले मांडतात. पण २७ मेला आणि १६ जुलैला सूर्य सारखाच डोक्यावर असतो, आणि पहिल्या दिवशी तापमान चाळीस अंश ओलांडलेले असते तर दुसऱ्या दिवशी पावसाळी गारवा असतो. म्हणजे ढग, ओली जमीन आणि वारे यांनाही हिशेबात घ्यावे लागते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात बसवून दिलेल्या उत्तरापेक्षा तापीकाठचा हा प्रश्न मुलांना जास्त विचार करायला लावतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पाडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी शाळांतल्या मुलांसोबत केलेले काम इथे लक्षात घेण्यासारखे आहे. गोल पृथ्वी, तिचे फिरणे आणि आपण जिथे उभे आहोत तिथून दिसणारे आकाश, या तिन्हींची सांगड घालणे मुलांना जड जाते. त्यासाठी आकृत्यांसोबत हातांच्या आणि अंगाच्या हालचालींचा पद्धतशीर वापर त्यांनी केला. अडचण आकाशाच्या दूरपणात नाही, ती अवकाशीय कल्पनेत आहे. भूमिती शिकवायची म्हणजे हीच कल्पना घडवायची असते. म्हणून ‘मुलांना जमत नाही’ हे खगोलशास्त्र वगळण्याचे कारण ठरत नाही.

सर्वांत गंभीर हरकत पुरोगामी गोटातून येते आणि ती आदराने ऐकली पाहिजे. शाळेत तिथी, नक्षत्र, राशी आले की त्यांच्या पाठोपाठ फलज्योतिष येईल, अशी ही भीती आहे. तिला उत्तर बुऱ्हाणपूरच्याच जामा मशिदीत कोरलेले आहे. आदिलशाह फारुकी ऊर्फ राजा अलीखान याने बांधलेल्या या मशिदीत अरबी आणि संस्कृत अशा दोन्ही भाषांतले लेख आहेत. संस्कृत लेखात मशीद बांधल्याचा काळ पंचांगाच्या भाषेत दिला आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष महिना, शुक्ल पक्ष, सोमवार. दशमी २३ घटी (घटी म्हणजे दिवसाचा साठावा भाग) होती, मग एकादशी लागली. कृत्तिका नक्षत्र ३३ घटी होते, मग रोहिणी. वेळ रात्रीच्या ११ घटी सरल्यावरची आणि लग्न, म्हणजे तेव्हा पूर्वेला उगवणारी रास, कन्या. हा दिवस त्या काळच्या ज्युलियन गणनेने ५ जानेवारी १५९०, आजच्या गणनेने १५ जानेवारी.

हे सारे आकडे सातवी-आठवीच्या मुलांना स्वतः पडताळता येतात. आपल्या इंग्रजी दिनदर्शिकेच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि या संख्येला सातने निःशेष भाग जातो. म्हणून १५९० आणि १९९० यांचे वार एकच. १९९० ची कुठलीही जुनी दिनदर्शिका काढली तर १५ जानेवारीला सोमवार सापडतो. पौष म्हणजे ज्याची पौर्णिमा पुष्य नक्षत्राच्या आसपास येते तो महिना. पुष्य आठवे नक्षत्र. चंद्र सुमारे २७ दिवसांत २७ नक्षत्रे ओलांडतो, म्हणजे दिवसाला एक. दशमी-एकादशीची संधी पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी येते, तेव्हा चंद्र आठव्यापासून चार-पाच मागे, तिसऱ्या किंवा चौथ्या नक्षत्रात हवा. तिसरे कृत्तिका, चौथे रोहिणी.

पुढची पायरी आणखी नेटकी आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणून कृत्तिका मेषारंभापासून ४० अंशांवर संपते. दशमी त्याच्या दहा घटी आधी संपली. चंद्र ६० घटींत सुमारे १३ अंश चालतो, म्हणजे दहा घटींत दोनाहून थोडे अधिक. तेव्हा दशमी संपताना चंद्र सुमारे ३८ अंशांवर होता. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राने घेतलेली बारा अंशांची आघाडी, दशमी संपली म्हणजे १२० अंश. ३८ उणे १२० म्हणजे उणे ८२, त्यात ३६० मिळवले की २७८: सूर्य मकरेच्या आठव्या अंशावर. सूर्य मावळतो तेव्हा त्याच्या समोरचा बिंदू, म्हणजे कर्केचा आठवा अंश, पूर्वेला उगवत असतो. आकाश एका घटीत सहा अंश फिरते, अकरा घटींत ६६. आठ आणि सहासष्ट चौऱ्याहत्तर, त्यातून कर्क आणि सिंह यांचे साठ वजा केले की कन्येचे चौदा अंश राहतात. लेखातही कन्याच आहे. राशी उगवण्याचा वेग सारखा नसतो, त्यामुळे अंश जरासे मागेपुढे होतील, पण या बाबतीत रास बदलत नाही. सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुसलमान राजाच्या मशिदीवर संस्कृतात कोरलेला हिशेब आजच्या मुलांच्या वहीत जुळतो.

फलज्योतिषाला असे जुळवून दाखवता येत नाही, आणि हा फरक मुलांसमोर आणण्याची जागा गणिताचा तासच आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात यासाठी संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिकांतल्या प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिष्यांना देऊन पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे देणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे यश सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही पन्नास टक्के मिळतात. २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. तिथी मोजायला शिकलेली आणि ही चाचणी समजलेली मुले फलज्योतिषाच्या आहारी जाण्याचा धोका, पंचांगापासून दूर ठेवलेल्या मुलांपेक्षा कमी असतो. ज्याचे भय वाटते त्याचे गणित दडवून ठेवणे हा भयावरचा उपाय नव्हे.

दुसऱ्या टोकाला उभे असलेल्यांचाही समाचार घेणे आवश्यक आहे. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे सांगून काहीजण खगोलशास्त्राला गौरवगीताचे रूप देतात. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखाचे त्यांनी नीट वाचन करावे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात आहे. खानदेशात, बुऱ्हाणपूरच्या शेजारी, खगोलगणिताची ही एक शाळाच होती. तिथे शिकवला जाणारा ‘सिद्धांतशिरोमणी’ चार भागांचा: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. अंकगणित आणि बीजगणित यांची पायरी चढून ग्रहांच्या गणितापर्यंत पोचायचे, अशी ती रचना आहे. त्या परंपरेचा मान राखायचा तर तिच्यासारखे गणित करावे लागेल. नुसत्या जयघोषाने तो राखला जात नाही.

कृष्णविवरांची रंगीत चित्रे आणि मोबाइलवरचे आकाशदर्शन दाखवून कुतूहल जागवणारे कार्यक्रमही पुरेसे नाहीत. त्यांनी मुले थक्क होतात, पण थक्क झालेल्या मुलाला पुढे काय मोजायचे हे कुणी सांगितले नाही तर ते कुतूहल तिथेच विझते.

राहिली अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची हरकत. पुस्तक पूर्ण होत नाही, त्यात ही भर कशाला? एनसीईआरटीच्या २०२२ च्या कपातीत आठवीच्या विज्ञानातला तारे आणि सूर्यमालेचा धडा गळला, आणि गणिताच्या पुस्तकाला त्याची जाणही झाली नाही. एनसीईआरटीच्याच नव्या ‘क्युरिऑसिटी’ पाठ्यपुस्तकमालिकेत चंद्रकला आणि पंचांग परत आले आहेत. ही ये-जा घडते ती खगोलशास्त्र एका कोपऱ्यातला धडा म्हणून ठेवल्यामुळे. सावलीचे मोजमाप गुणोत्तराच्या, समरूप त्रिकोणांच्या, पूर्णांकांच्या आणि आलेखाच्या तासाला वाटून दिले तर वेगळा तास लागत नाही आणि कपातीची कात्रीही त्याला लागत नाही.

शिक्षकांना हे येईल का, हा प्रश्न मध्य प्रदेशात तरी सैद्धांतिक नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व मिडल स्कूलांत गेला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. साध्या सरकारी शाळांतले शिक्षक मुलांकडून प्रयोग करून घेत आणि त्यासाठी त्यांना नियमित प्रशिक्षण मिळे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा असे आणि प्रात्यक्षिकालाही गुण असत. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम थांबवला. पण तीस वर्षे चाललेल्या गोष्टीला अशक्य म्हणता येत नाही. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे उदाहरण आहे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवणाऱ्या या गृहस्थांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह पुराभिलेखांच्या तारखा पडताळण्याची कोष्टके इंग्रजीत छापली. मशिदीतल्या लेखासारख्या तारखा तपासण्याची रीत जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक असा शिक्षकांचा शिक्षक होता.

परीक्षेसाठी प्रश्नही याच मोजणीतून निघतात. बुऱ्हाणपूर आणि उज्जैन यांच्या अक्षांशांत १.९ अंशांचा फरक आहे, बुऱ्हाणपूर आणि बेंगळुरू यांच्यात ८.३ अंशांचा. दोन्ही शहरे बुऱ्हाणपूरच्या रेखांशापासून फार दूर नाहीत. एकाच दिवशी मध्यान्हीची सावली दोन गावी मोजून पृथ्वीचा घेर काढायचा आहे आणि कोनात अर्ध्या अंशाची चूक होऊ शकते. उज्जैन निवडले तर घेरात चौथ्या हिश्शाहून अधिक फरक पडेल, बेंगळुरू निवडले तर सहा टक्क्यांच्या आसपास. कोणत्या शाळेला पत्र लिहावे आणि का, हे पाच ओळींत मांडायला सांगितले, तर टक्केवारी, कोन, नकाशावरचे प्रमाण आणि मोजमापातली त्रुटी या चारही गोष्टी एका उत्तरात तपासल्या जातात.